काळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय, ते आधी वाचू



बचत गटातल्या सगळ्या ताई, मावशी, काकू आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या मुलींनो, आज आम्ही तुमच्याशी एका जुन्या कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. कॉम्प्युटर म्हटलं की काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील, हे आम्हाला ठाऊक आहे. पण थोडं थांबा. ही गोष्ट यंत्राची आहे, तेवढीच हिशेबाची आणि विश्वासाचीही आहे. त्यात आमची एक चूक आहे, तीही आज सांगणार आहोत.

आमच्या गटांकडे एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. गावातल्या एका गुरुजींच्या मुलानं नवा घेतला आणि हा गटाला देऊन टाकला. त्यात विंडोज एक्स्पी आहे. ही २००१ साली बाजारात आली आणि २०१४ साली कंपनीनं तिची देखभाल थांबवली. म्हणून आम्ही हे यंत्र इंटरनेटला जोडत नाही. पण बचत, कर्ज आणि परतफेड यांच्या याद्या ठेवायला आणि बैठकीसाठी छापून काढायला ते आम्हाला पुरतं.

फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी आम्ही बटण दाबलं. पंखा फिरला, एक बारीकसा आवाज आला आणि स्क्रीन काळीच राहिली. काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. नेहमीचं हिरवं माळरान आणि निळं आभाळ काही दिसेना. आम्ही बंद केला, पुन्हा चालू केला. तेच. दहा दिवसांवर बँकेत कर्जाचा प्रस्ताव द्यायचा होता आणि तीन वर्षांची माहिती त्या डब्यात. पोटात गोळाच आला.

तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं यंत्र न बघताच सांगितलं, "बोर्ड गेला असणार. साडेतीन हजार धरून चला, आणि आतल्या माहितीची हमी नाही." साडेतीन हजार म्हणजे आमच्या गटाची जवळजवळ तीन महिन्यांची बचत. बायका खाली मान घालून बसल्या.

तेव्हा आमच्या गटातल्या एक काकू, शाळा सातवीपर्यंत, त्यांनी विचारलं, "अगं, पण त्यात लिहिलंय काय? तुम्ही वाचलं का?"

आम्ही बी.ए. झालो आहोत, समन्वयक आहोत, कॉम्प्युटरची परीक्षा दिलेली आहे. पण खरं सांगायचं तर आम्ही वाचलं नव्हतं. काळी स्क्रीन बघितली आणि घाबरलो. काकूंनी वहीचा कागद फाडला आणि अक्षरं जशी दिसतात तशी उतरवायला सांगितली. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनीही रांगोळीचे ठिपके जुळवावे तसं अक्षर जुळवून उतरवलं. मग एकेक ओळ लावली. पहिल्या ओळीत होतं, सीमॉस चेकसम बॅड. दुसरीत, सीमॉस डेट टाइम नॉट सेट. आणि खाली लिहिलं होतं की सेटअपमध्ये जायचं असेल तर एफ-१ दाबा, मूळ सेटिंग घेऊन पुढं जायचं असेल तर एफ-२ दाबा.

मैत्रिणींनो, यात यंत्र बिघडलं असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. यंत्र आम्हाला प्रश्न विचारत होतं आणि उत्तराची वाट बघत थांबलं होतं.

आता हे काय असतं, ते समजून घेऊ. पहाटे उठल्यावर आपण काय करतो? पाणी आलंय का बघतो, गॅस आहे का बघतो, दूध आहे का बघतो, मग चहा ठेवतो. कॉम्प्युटरही बटण दाबल्याबरोबर कामाला लागत नाही. त्याच्या मुख्य बोर्डावर एक चिप असते, तिच्यात बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम कायमचा भरलेला असतो. तो आधी उठतो आणि मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, हार्ड डिस्क आहे का, हे तपासतो. सगळं जागेवर असलं की तो विंडोजला उठवतो. या सगळ्या उठण्याला बूट होणं म्हणतात.

पण तारीख काय, वेळ काय, विंडोज कुठल्या डिस्कवर शोधायची, हे बायोसला कुणी तरी सांगावं लागतं. ते एका छोट्या मेमरीत लिहून ठेवलेलं असतं, तिलाच सीमॉस म्हणतात. प्लग काढला तरी ती मेमरी आणि आतलं घड्याळ चालू राहावं म्हणून बोर्डावर नाण्याएवढी एक बॅटरी असते. पूर्वी असं नव्हतं. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा डबा उघडून बोर्डावरची बारीक बटणं वरखाली करून मशीनला सांगावं लागायचं की तुझ्यात काय काय बसवलंय. १९८४ साली त्यांचा पुढचा पीसी आला, त्यात बॅटरीवर चालणारी मेमरी आणि घड्याळ दिलं. पण सेटिंग बदलायला वेगळी फ्लॉपी घालावी लागायची. पुढं सेटअपचा मेनू बायोसच्या चिपमध्येच आला. आपण एक बटण दाबून जो मेनू उघडतो, तो हाच.

आणि चेकसम म्हणजे काय? तो शब्द अवघड वाटतो, पण ते काम आपण दर महिन्याला करतो. कॅशबुकाच्या पानाखाली बेरीज लिहितो आणि पुढच्या वेळी पुन्हा बेरीज करून ताळा बघतो. ताळा जमला नाही तर समजायचं, कुठला तरी आकडा बदललाय. मशीनही तेच करतं. बॅटरी संपली, सीमॉसमधले आकडे पुसले गेले, ताळा जमला नाही, आणि मशीन म्हणालं, मला यावर भरवसा नाही, तुम्ही येऊन सांगा.

आमचा हिशेब हार्ड डिस्कवर होता. सीमॉस वेगळं, हार्ड डिस्क वेगळी. ही बॅटरी संपल्यानं हार्ड डिस्कवरचं एक अक्षरही पुसलं जात नाही. हे कळलं तेव्हा कुठं जिवात जीव आला.

बॅटरीवर लिहिलेला नंबर होता सीआर २०३२. ती ३ व्होल्टची असते. २० म्हणजे तिची रुंदी २० मिलिमीटर, आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळाच्या दुकानात मिळाली, शंभर रुपयांच्या आत. बदलताना आधी प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डब्याच्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली बारीक वीज निघून जाते. मग बॅटरीशेजारची पट्टी हलकेच दाबली की जुनी वर येते. अधिकची खूण वरच्या बाजूला ठेवून नवी बसवायची.

एक गोष्ट मात्र कामधाम सोडून ऐका. ही जुनी बॅटरी खिडकीत, ओट्यावर टाकू नका. लहान मुलानं ती गिळली तर घशात अडकून आतून भाजते, जिवावर बेततं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्याच मिनिटाला दवाखाना गाठायचा. आम्ही जुनी बॅटरी चिकटपट्टीत गुंडाळून दुकानदाराला परत दिली.

नवी बॅटरी बसवली, बटण दाबलं. पुन्हा तीच पाटी. ते बरोबरच होतं, कारण नवी वही आणली म्हणून जुना हिशेब तिच्यात आपोआप उतरत नाही. आता एफ-१ दाबून आम्ही सेटअपमध्ये गेलो. करड्या-निळ्या रंगाची स्क्रीन. माउस चालत नाही, सगळं काम बाणाच्या बटणांनी. वरच्या ओळीत मेन, ॲडव्हान्स्ड, बूट, सिक्युरिटी, एक्झिट अशी पानं. तुमच्या मशीनवर रंग आणि नावं थोडी वेगळी असतील. एरवी कुठलीही पाटी आली नसताना या मेनूत जायचं असेल, तर बटण दाबल्याबरोबर डिलीटचं बटण टक टक दाबत राहायचं. काही कंपन्यांत त्याऐवजी एफ-२ किंवा एफ-१० असतं. सुरुवातीच्या स्क्रीनवर खाली ते लिहिलेलं असतं.

आम्हाला दोनच कामं करायची होती. पहिलं, बूटच्या पानावर. सेटिंग पुसल्यावर मशीननं मूळ सेटिंग घेतलं होतं आणि त्यात पहिला नंबर फ्लॉपीचा होता. म्हणजे मशीन आधी फ्लॉपीत विंडोज शोधणार, मग हार्ड डिस्कवर. फ्लॉपीच्या खाचेत कुणी एखादी जुनी फ्लॉपी विसरलं, की मशीन तिथंच अडकणार. म्हणून पहिला नंबर हार्ड डिस्कला दिला.

दुसरं काम तारखेचं. आणि इथं आम्ही चुकलो.

त्या दिवशी मार्चची ५ तारीख होती, सोमवार. काम जमलं या आनंदात आम्ही ५ टाकलं, एंटर दाबलं, ३ टाकलं. एफ-१० दाबून सेव्ह केलं. मशीन उठलं, माळरान दिसलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी गूळ-शेंगदाणे आणले. आम्ही लगेच बैठकीसाठी कर्जाची यादी छापून काढली आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

पहिलंच नाव काकूंचं. पुढं लिहिलेलं, दोन हप्ते थकीत.

त्याच काकू, ज्यांनी आम्हाला वाचायला लावलं. शेळ्यांसाठी कर्ज घेतलेलं आणि एकही हप्ता कधी चुकवला नाही. बैठक एकदम गप्प झाली. मागून कुणी तरी कुजबुजलं. काकू काही बोलल्या नाहीत. पिशवीतून आपली वही काढली, आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "फेब्रुवारीचा हप्ता भरलेला आहे, तुमचीच सही आहे. मार्चचा १० तारखेला यायचाय. मग हे दोन कुठले?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. यादीतलं दुसरं नाव वाचलं, दोन हप्ते थकीत. तिसरं, दोन हप्ते थकीत. तेव्हा अध्यक्ष ताईंनी कागद हातात घेतला, वरची तारीख बघितली आणि म्हणाल्या, "अहो, यावर ३ मे लिहिलंय. शिमग्याची लाकडं अजून गोळा व्हायचीत आणि तुमच्या कागदावर मे महिना लागला?"

झालं असं होतं की सेटअपच्या मेनूत तारीख अमेरिकेच्या पद्धतीनं असते. आधी महिना, मग दिवस, मग वर्ष. आपण आधी दिवस लिहितो. आम्ही ५ आणि ३ टाकलं, मशीननं पाचवा महिना आणि तिसरा दिवस धरला. आमची कर्जाची यादी आजची तारीख मशीनच्या घड्याळातून घेते. घड्याळ म्हणालं मे, म्हणून यादी म्हणाली, मार्च आणि एप्रिलचा हप्ता आला नाही. यादीनं खोटं सांगितलं, कारण आम्ही तिला खोटी तारीख दिली. दिवस १२ च्या पुढचा असता तर मशीननं तेरावा-चौदावा महिना घेतलाच नसता आणि चूक तिथंच कळली असती. १ ते १२ तारखेलाच हा घोळ होतो.

मशीननं तेव्हाही आम्हाला सांगितलं होतं. सेटअपमध्ये तारखेशेजारी ते वार आपणहून दाखवतं. आमचा सोमवार, बाजाराचा दिवस, आणि स्क्रीनवर होता गुरुवार. आम्ही बघितलंच नाही. म्हणून मैत्रिणींनो, तारीख टाकली की वार बघा. वार जुळला नाही तर तारीख चुकली.

त्या बैठकीत आम्ही काकूंची आणि यादीतल्या सगळ्या जणींची माफी मागितली. नुसती तोंडी नाही. इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं की यादीतली थकबाकी चुकीच्या तारखेमुळे आली, कुणाचाही हप्ता थकलेला नाही, चूक समन्वयकाची. खाली आम्ही सही केली. काकूंनी ते वाचून घेतलं आणि मग पाणी प्यायल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे वही नसती आणि तारीख कुणाच्या ध्यानात आली नसती, तर एका प्रामाणिक बाईवर थकबाकीदार म्हणून शिक्का बसला असता. बँकेत ती यादी गेली असती तर गटाचं नाव खराब झालं असतं. गटाची पंचसूत्री आपण सगळ्या पाठ म्हणतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेब लिहिणं. कॉम्प्युटर आला म्हणून शेवटचं सूत्र त्याच्यावर सोपवून मोकळं होता येत नाही. वही हवीच.

तारीख नीट केली, यादी पुन्हा छापली, प्रस्ताव वेळेत गेला.

आता आणखी एक मेनू सांगतो, कारण आपल्याकडे लोडशेडिंग आहे. काम चालू असताना वीज गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं, की पुढच्या वेळी विंडोज एक्स्पी कधी कधी काळ्या स्क्रीनवर एक यादी दाखवते. वर लिहिलेलं असतं की गेल्या वेळी विंडोज नीट सुरू झाली नाही. शेजारी सेकंद उलटे मोजले जातात. ते बघून घाबरायचं नाही. नुसती वीज गेली असेल तर स्टार्ट विंडोज नॉर्मली, म्हणजे नेहमीसारखी सुरू कर, हे निवडायचं. काही निवडलं नाही तरी थोड्या वेळानं ती स्वतःच तसं करते.

पण काही नवं बसवलं, समजा नवा प्रिंटर, आणि त्यानंतर मशीन उठेना, तर याच यादीत लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन असं असतं. म्हणजे शेवटचं जे सेटिंग नीट चाललं होतं, त्यावर परत जा. त्यानं आपल्या फायली पुसल्या जात नाहीत. तेही जमलं नाही तर सेफ मोड. त्यात चित्रं मोठी आणि ओबडधोबड दिसतात, चारी कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलेलं असतं, बरीचशी जोडणी बंद असते. आजारी माणसाला आपण पेज देतो, पुरणपोळी देत नाही, तसंच ते आहे. तिथं जाऊन नवं बसवलेलं काढून टाकायचं आणि मशीन पुन्हा नेहमीसारखं चालू करायचं. ही यादी आपणहून आली नाही, तर बायोसची तपासणी संपून विंडोजचं चिन्ह दिसायच्या आधी एफ-८ टक टक दाबायचं.

आता आमच्या गटानं भिंतीवर मराठीत लिहून लावलेले नियम सांगतो. हवं तर वहीत उतरवून घ्या.

पहिला, काळी स्क्रीन दिसली की बटण दाबायच्या आधी लिहिलेलं वाचायचं आणि कागदावर उतरवायचं. दुरुस्तीवाल्याला फोन केला तरी "चालत नाही" असं सांगायचं नाही, ती ओळ वाचून दाखवायची.

दुसरा, सेटअपमध्ये काहीही बदलण्याआधी आधीचं काय होतं ते लिहून ठेवायचं. एका वेळी एकच बदल.

तिसरा, तारखेत महिना आधी. मग वार बघायचा.

चौथा, गोंधळ झाला तर सेव्ह करायचं नाही. एस्केप दाबायचं, बदल टाकून बाहेर पडायचं का असं विचारलं की हो म्हणायचं. सेव्ह केलं नाही तोवर काही बिघडत नाही.

पाचवा, ॲडव्हान्स्डच्या पानाला कारण नसताना हात लावायचा नाही, आणि सिक्युरिटीच्या पानावर पासवर्ड टाकायचा नाही. तो विसरला तर मशीन आपल्यालाच आत घेत नाही.

आणि सहावा काकूंनी लिहायला लावला: यादी छापली तरी बैठकीत वाचण्याआधी दोघींच्या वहीशी ताडून बघायची.

मैत्रिणींनो, आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं, हात लावू नकोस, बिघडेल. शिलाई मशीन, मोटारीचं स्टार्टर, बँकेचा फॉर्म, सगळ्यालाच. म्हणून काही थांबलं की आपण धरून चालतो, बिघडलं, आणि तेही आपल्यामुळंच. त्या सकाळी आम्हीही तेच धरून चाललो होतो. बॅटरी शंभर रुपयांच्या आतली होती, पण न वाचता आम्ही साडेतीन हजार मोजायला निघालो होतो. आणि मग घाईनं उत्तर दिलं, तर एका बाईची मान खाली घालायला लावली. घाबरून चालत नाही, तसं हुरळूनही चालत नाही.

आता आमच्या गटात मशीन चालू करायची पाळी लावलेली आहे. गेल्या आठवड्यात काकूंची पाळी होती. स्क्रीनवर काही तरी आलं, त्यांनी चष्मा लावला, अक्षर जुळवून वाचलं, कागदावर उतरवलं आणि मगच आम्हाला हाक मारली. वीज गेल्यावर येते ती यादी होती. आम्ही पोचेपर्यंत माळरान दिसायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, "काही नाही, काल दिवा गेला होता ना, तेच विचारत होतं."

तुमच्या गावात शाळेत, ग्रामपंचायतीत, कुणाच्या माळ्यावर असा जुना कॉम्प्युटर बंद पडून असेल, तर भंगारात द्यायच्या आधी एकदा चालू करून बघा. काय लिहून येतं ते कागदावर उतरवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. आपण मिळून वाचू.

आज इथंच थांबतो. नमस्कार.